पूर्ण उजेड

“बाबांच्या तोंडावरून हे काळे पट्टे कसले सरकतायत?” दादाने फोनवरून विचारलं.

पलंगाच्या कडेला बसलेल्या बहिणीने फोनचा पडदा बाबांकडे धरला होता. तिने बाबांकडे निरखून पाहिलं. पट्टे कुठेच नव्हते. उशापाशी तिनेच बनवलेला एलईडीचा दिवा मंद पेटलेला होता. आजारपणापासून बाबांना उजेड सुयांसारखा टोचायचा, म्हणून खिडक्यांना जाड पडदे आणि हा दिवा. एवढ्याच उजेडात त्यांना डोळे उघडता यायचे. आठवडाभर त्यांचं एकच टुमणं चाललं होतं, पोराचं तोंड बघायचंय. आणि परदेशातल्या पोराला आज कुठे सवड झाली होती.

चूक तिच्या लगेच लक्षात आली. असा दिवा खरं तर मंद होतच नाही. आतली चिप त्याला भराभर पूर्ण पेटवते, पूर्ण विझवते. विझलेला वेळ वाढवला की उजेड कमी वाटतो. डोळा बिचारा फसतो, कॅमेरा फसत नाही. उघडझापीचा वेग तिने माणसाच्या डोळ्यापुरताच ठेवला होता. कॅमेऱ्यातून बघणारंही कुणी असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“दादा, प्रोग्रॅममध्ये एक आकडा बदलायला हवा. लॅपटॉप जोडते. जरा थांब.”

“अगं, माझी ड्यूटी सुरू होतेय. त्यापेक्षा लाइट वाढव ना!”

“त्यांना सोसत नाही रे.”

“मिनिटभर गं. मला नीट बघू दे त्यांना. परत कधी...”

बाबांनी सगळं ऐकलं होतं. “वाढव,” ते म्हणाले. “बघू दे त्याला.”

तिने बटण शेवटपर्यंत फिरवलं. आता दिवा विझतच नव्हता, पट्टेही गेले. बाबांच्या पापण्या गच्च मिटल्या. त्यांनी जोर करून त्या उघडल्या आणि अंदाजाने फोनच्या दिशेला तोंड केलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. फोन भिंतीवर आपटावा असं तिला वाटलं.

“आता कसे स्पष्ट दिसतायत!” दादा म्हणाला. “बाबा, रडू नका ना. येतोय मी, लवकरच येतोय.”

“ये, ये,” बाबा हसून म्हणाले.

फोन बंद होताच तिने उजेड खाली आणला आणि ओला रुमाल त्यांच्या डोळ्यांवर ठेवला.

“कसा दिसतो गं आता तो?” त्यांनी रुमालाखालून विचारलं. “केस पिकलेत का?”

तिने फोनकडे पाहिलंच नव्हतं. सगळा वेळ ती बाबांच्या डोळ्यांकडे बघत होती.

“थोडेसे,” ती म्हणाली. “कानांपाशी.”