सुहासची आई

विश्रामरावांचा निकामी मेंदू रोज सकाळी स्मृती-केंद्राने बांधून दिलेल्या इमेजवरून, म्हणजे आठवणींच्या साठवलेल्या प्रतीवरून, सुरू व्हायचा. त्या जुन्या इमेजमध्ये त्यांचा मुलगा सुहास अजून जिवंत होता, आणि दिवसभरात कळलेलं काहीही झोपेनंतर टिकत नसे. उठल्या उठल्या ते हाक मारायचे, "सुहासची आई, पोरगं उठलं का?" मग त्यांच्या पत्नी शरयूताई तो गेल्याचं सांगायच्या, आणि ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे धाय मोकलून रडायचे. रोज.

शेवटी ताई मेटाकुटीला आल्या. "इमेजमध्ये सुहासच्या आठवणींचं पॅकेजच घालू नका," त्यांनी केंद्रातल्या मुलीला सांगितलं.

"काकू, एक पॅकेज वगळलं की त्याच्यावर आधारलेलं बाकीचंही जातं."

"जाऊ दे. माझ्यात आता त्राण नाही गं."

नव्या इमेजची पहिली सकाळ शांत गेली. ताईंनी चहा आणला. विश्रामरावांनी ओळखीचं हसून हाक मारायला तोंड उघडलं आणि ते तसेच थांबले. बायकोचं नाव घ्यायची त्यांच्या घरात रीतच नव्हती.

"अगं, तुला मी काय म्हणून हाक मारतो?"

"सुहासची आई," ताई सवयीने बोलून गेल्या.

"सुहास कोण?"

ताईंनी कप खाली ठेवला, आणि आज त्याच्या जन्मापासून सांगायला घेतलं.