नकळत

"मी बेसावध असताना काढायचाय ना? मग कधी बेसावध व्हायचं तेवढं सांगा," पदर सारखा करत बायको म्हणाली.

निवृत्तीनंतर मी फोटोग्राफीचा ऑनलाइन क्लास लावलाय. गृहपाठ होता, घरच्या माणसाचा त्याच्या नकळत काढलेला फोटो. तीन दिवस मी फ्रिजआड दबा धरला. पण कॅमेरा वर झाला की आमची ही लाटणं ठेवून मुंजीतल्या ग्रुप फोटोसारखी ताठ उभी!

रविवारी सर म्हणाले, "पहिला नंबर दाबके काकांचा!" म्हणजे माझा! आणि स्क्रीनवर फोटो झळकला. फोटोत समोर लॅपटॉपवर क्लास चालू आणि मी आरामखुर्चीत, कॅमेरा पोटावर, तोंड उघडं, गाढ झोपलेला.

"हा कोणी पाठवला?" मी ओरडलो.

"मीच, तुमच्या मोबाइलवरून. सर शिकवत होते तेव्हा तुम्ही घोरत होतात. मी ऐकत होते."