चोरलेलं पोवळं

"जाऊबाई, खिळा ठोकायला गेले तर कोपरापर्यंत हात भिंतीत गेला हो!" फोनवर शैला रडत होती.

इंदुताईंनी खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या आपल्या पोवळ्याला शिंपल्यांची पूड चारली. ही नवी जात उपाशी राहिली, की घराच्या भिंतींतला चुना ओढून फोफावायची. हळदीकुंकवाला आलेल्या शैलानं त्याचीच फांदी मोडून पदराखाली लपवली होती. मनीप्लांटसारखं हेही चोरून लावलं की जोमानं वाढतं, असा तिचा समज. इंदुताईंनी सगळं पाहिलं होतं, आणि वर हसून तिची ओटीही भरली होती.

"आता मी काय करू?"

"तोंड घट्ट मिटून बस," इंदुताई गोड आवाजात म्हणाल्या. "भिंती संपल्या की ते दातांकडं वळतं."

जन्मात पहिल्यांदाच शैला गप्प बसली.