घंटा थांबल्यावर

नातवाला नीट ऐकू येतं हे डॉक्टरीणबाईंना दाखवून द्यायचंच, म्हणून गणपतराव म्हशीच्या गळ्यातली घंटा खिशात घालून आले होते.

राजवीरला दीड वर्षाच्या लशीच्या डोसाला नेलं, तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी सुनेला, स्नेहलला, चार प्रश्न विचारले होते. हाक मारली की वळतो का? बोट करून काही दाखवतो का? स्नेहलनं खरं ते सांगितलं आणि त्यांनी इकडं, मुलांच्या डॉक्टरांकडं, पाठवलं. गणपतराव तेव्हापासून धुसफुसत होते. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवायच्या शर्यतीत ज्यांच्या एका हाकेसरशी म्हैस गर्दी फोडून धावत येते, त्यांचाच नातू हाकेला वळत नाही, हे शिवाजी पेठेत कुणी ऐकून घेतलं असतं? आमच्यात पोरं उशिराच बोलतात, असं म्हणून त्यांनी सुनेला कितीतरी दिवस थोपवून धरलं होतं. शेवटी ती ऐकेना, तेव्हा बरोबर आले, ते डॉक्टरांना खोटं पाडायलाच.

डॉक्टर अनुजा सतरंजीवर बसल्या होत्या. राजवीर खेळण्यातली गाडी उलटी करून तिचं चाक फिरवत होता. त्यांनी मागून हळूच त्याचं नाव घेतलं. मग जरा मोठ्यानं. मग स्नेहलनं हाक मारली. चाक फिरत राहिलं. स्नेहल ओढणीचं टोक पिळत बसली.

गणपतरावांना राहवलं नाही. त्यांनी घंटा काढून वाजवली. राजवीर गर्रकन वळला आणि गाडी टाकून दुडूदुडू पळत आला.

"ऐकतंय की पोरगं," गणपतराव म्हणाले. "कान लई तिखट हाईत त्याचं."

"कान तिखटच आहेत, आजोबा. त्याची काळजीच नाही," अनुजा म्हणाल्या. "आता परत वाजवा. या वेळी त्याचे डोळे कुठं जातात, तेवढं बघा."

त्यांनी वाजवली. राजवीरनं घंटा धरली, आतला लोलक बोटानं हलवला, मग तिला कान लावला. त्याचे डोळे घंटेवरच होते. ती धरणारा हात कुणाचा आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. गणपतरावांना पाडव्याचा गोंगाट आठवला. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली, हलगी, शिट्ट्या, आणि त्या सगळ्यातून मान उंच करून त्यांना शोधणारी त्यांची चंद्री.

"म्हस आधी माझ्या तोंडाकडं बघती," ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढा खाली आलेला स्नेहलनं कधी ऐकला नव्हता.

मग अनुजांनी दोघांना समजावून सांगितलं. स्वमग्नता हा शब्द गणपतरावांनी पहिल्यांदाच ऐकला. आजची ही तपासणी नुसती चाळणी होती. चाळणीवर राहिलं म्हणजे पोराला तेच आहे असं नव्हे, सगळी तपासणी अजून व्हायची होती. पण तिच्यासाठी वाट बघत बसायचं नाही. या वयात पोरं भराभर शिकतात, म्हणून खेळ आजपासूनच सुरू करायचा. त्यांनी गणपतरावांना सतरंजीवर बसवलं आणि घंटा स्वतःच्या हनुवटीपाशी धरायला सांगितली. थोडी वाजवायची आणि थांबायचं. हाक मात्र मारायची नाही.

हाक न मारता थांबणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. तरी कुरकुरत्या गुडघ्यांची मांडी घालून ते बसले. घंटा वाजवली, थांबवली. राजवीरनं त्यांचा हात ढकलला. गणपतराव गप्प. त्यानं मनगट धरून हलवलं. गणपतराव गप्प. पोराचं नाव ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

मग राजवीरचे डोळे घंटेवरून मिशीवर आले. तिथं जरा रेंगाळले. आणि वर चढले.

हे पोर त्यांनी जन्मल्यापासून खांद्यावर मिरवलं होतं, पण त्याच्या डोळ्यांत स्वतःला आज पहिल्यांदा पाहिलं. घंटेपासून तोंडापर्यंत अंतर ते केवढं, वीतभरसुद्धा नाही. तेवढं यायला या एवढ्याशा जिवाला किती लांबून चालावं लागलं होतं, आणि तो आला होता.

"वाजवा, आजोबा," अनुजा हळूच म्हणाल्या. गणपतराव विसरलेच होते. त्यांनी वाजवली आणि राजवीर हसला.

खेळासाठी आठवड्यातून दोनदा यायचं होतं, दुपारी चारला. स्नेहलचा चेहरा पडला. चार म्हणजे गोठ्यात धारेची वेळ. मुलाच्या लग्नातही गणपतरावांनी ती चुकवली नव्हती, अक्षता पडल्या तसे मांडवातून थेट गोठ्यात गेले होते.

"मामा, कसं जमायचं?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

गणपतराव अजून खालीच बसले होते. घंटा आता राजवीरच्या हातात होती. ती त्यांनी परत मागितली नाही.

"धार मागं सरकवू," ते म्हणाले. "म्हशींस्नी मी सांगतो. त्या ऐकत्यात माझं."