राहून गेलेली हाक

चौऱ्याहत्तर साली आम्ही सोलापूरहून नळदुर्गचा किल्ला आणि धबधबा बघायला गेलो होतो. परक्या जागेवरून निघताना पोरांना नाव घेऊन 'घरी चल' अशी हाक मारायची, नाहीतर जीव तिथंच रेंगाळतो, असं आमची आई मानायची. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. तिनं मला हाक मारली, तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला आणि आम्ही पळत सुटलो. धाकट्या महानंदाला हाक मारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी घरी अव्वानं महानंदापुढं भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली. तिनं ताटाला हात लावला नाही. लांबच्या माणसाशी बोलावं तशी ती मोठ्यानं म्हणाली,

"अव्वा, मला हाक मार की. हितं पाण्याचा लई आवाज हाय."