चेअरमनचा दिवा

"हलू नका, अण्णा," मिल्काबाई म्हणाल्या. चेअरमन सुंदररावांची टाच त्यांच्या हातात होती आणि टाचेत बाभळीचा काटा मोडलेला. पण सुंदररावांचं लक्ष टाचेवर नव्हतंच. ते खिडकीतल्या वस्तूकडे टक लावून बघत होते.

गॅरेजवाल्या इसाक मिस्त्रीने ती आजच जोडून दिली होती. ट्रकच्या मोडक्या पाट्यावर ओळीने तेल-वात मावेल असे आठ नट आणि मधोमध उभ्या बोल्टावर नववा. मिल्काबाई अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. नर्सच्या नोकरीने त्यांना वडवणीच्या दवाखान्यात आणून टाकलं होतं. आजपासून त्यांचा हनुक्का. रोज एक दिवा वाढवत आठव्या संध्याकाळी सगळी ओळ पेटवायची. घरापासून इतक्या लांब एकटीने राहायचं, निदान सण तरी पुरा व्हावा, एवढीच बाईंची इच्छा होती. पण बाटलीत तेल जेमतेम आजच्यापुरतं. साल बहात्तरच्या दुष्काळाचं. सोसायटीचं दुकान 'माल नाही' म्हणून बंद, आणि करडीच्या तेलाचे डबे चेअरमनच्या कोठीत आहेत हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"ही काय भानगड हाय, बाई?"

"आमच्या सणाचे दिवे."

सुंदररावांनी बोटाने दिवे मोजले आणि त्यांचा चेहरा खुलला. "आयला! ही तर आपल्या सोसायटीची बॉडी! आठ डायरेक्टर, अन् वर मी!"

बाईंनी चिमट्याने काटा उपसला. "पण उद्यापासून पेटवायला तेल नाही, अण्णा."

"मंग? चेअरमन अंधारात बसंल व्हय?"

तासाभरात डबा आला. मग रोज दिवेलागणीला सुंदरराव लंगडत हजर. आधी उंच दिवा पेटायचा, मग त्याच्यावर काडी धरून बाकीचे. "पहिला मान आपला!" म्हणत ते मिशीला पीळ द्यायचे. आठवडी बाजारातही भेटेल त्याला हेच सांगत सुटले. शेवटच्या संध्याकाळी तर सगळे डायरेक्टर आणि निम्मं गाव घेऊन आले. ओळ पुरी पेटली आणि बाईंचे डोळे भरून आले.

"बाई, आता सांगा समद्यायला," सुंदरराव ऐटीत म्हणाले. "त्या उंच दिव्याला तुमच्यात काय म्हंतेत?"

"शमाश. म्हणजे चाकर," बाई म्हणाल्या. "मान त्या आठांचा. ह्याने फक्त त्यांना पेटवायचं. चाकर लांबून ओळखू यावा म्हणून तेवढा उंच ठेवतात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग डायरेक्टरही हसले.

"हे आधी कावून न्हाई सांगितलं?" सुंदररावांचे कान लाल झाले होते.

"तुम्ही आज विचारलंत."

सुंदररावांची म्हातारी चुलती वच्छलाबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली. पदराखालची रिकामी बाटली तिने पुतण्याच्या हातात दिली.

"चल रं चाकरा," ती म्हणाली, "कोठी उघड."