फाईल नसेल तर

दुरुस्तीला आलेल्या वेनिंगने पुलाच्या खांबावरचं खोकं उघडलं, तेव्हा त्याच्या माथ्यावरचा दिवा हिरवाच होता. खाली नदीत ज्वालामुखीवरून आलेला राखेचा चिखल वाळत पडला होता. पाक तुकिरान मागे उभे होते; पाक म्हणजे तिकडच्या बोलीत काका. पुलाची राखण त्यांच्याकडे. चार दिवसांपूर्वी याच चिखलाने त्यांची बायको नेली होती.

डोंगरात पाणी चढलं की त्याची खबर या खोक्यात येई. खोकं ती इशारा केंद्राला धाडी आणि मग गावोगाव भोंगे वाजत. चार दिवसांपूर्वीच्या त्या दुपारी एकही भोंगा वाजला नव्हता.

वेनिंगने लॅपटॉप जोडला. महिन्यापूर्वी कुणीतरी खोक्यात नवं कार्ड घातलं होतं. त्यावर गरजेपुरतीच प्रणाली होती, अगदी उघडीबोडकी. केंद्राचा पत्ता असलेली फाईल टाकायची राहून गेली होती. आणि प्रोग्राममध्ये लिहिलं होतं, फाईल नसेल तर थांबू नकोस, स्वतःचाच पत्ता धर.

तिने साहेबांना फोन लावला.

"फाईल टाक आणि निघ," हर्जांतो म्हणाले. "गावात विचारलं तर तार तुटली म्हण."

"आणि ती ओळ?"

"राहू दे. बंद पडलेलं यंत्र दिसलं की लोक फोन करकरून जीव खातात."

तिने फोन ठेवला. पाक तुकिरान तिच्याकडेच बघत होते.

"तार तुटली होती का गं पोरी?"

"नाही, पाक. पाणी चढल्याची खबर आली होती. पण खोकं ती स्वतःलाच सांगत बसलं. सांगितली, पोचली, असं स्वतःच नोंदवत राहिलं."

म्हाताऱ्याने कठड्यावरून खाली नदीकडे बघितलं.

"मुर्सिनी खाली कपडे धूत होती," मग ते म्हणाले. "म्हणाली, पाण्याला वास येतोय, निघू का? मी वर बघितलं. दिवा हिरवा. म्हटलं, उरकून घे निवांत."

वेनिंग लॅपटॉपवर वाकली. तिने ती ओळ खोडली आणि नवी लिहिली: फाईल नसेल तर थांब, लाल दिवा लाव. नदीवरच्या सगळ्या खोक्यांना तिने तो बदल धाडला. या खोक्यात फाईल टाकायला ती वळणार, तोच पडद्यावरच्या नकाशावर एक ठिपका लाल झाला. मग दुसरा. मग खालच्या अंगाचे एकामागून एक. साहेबांचा फोन वाजू लागला. तिने उचलला नाही.

"लाल म्हणजे काय?"

"म्हणजे त्यांतही फाईल नाही, ती खोकीही मुकीच होती, पाक. आज खालच्या एकाही गावाला भोंगा नाही."

पाक तुकिराननी मान वळवली. इथे लख्ख ऊन होतं, पण डोंगराचा माथा काळ्या ढगात बुडाला होता.

ते पूल उतरले. चौकातल्या छपराखाली पोकळ लाकडाचा जुना ठोकळा टांगलेला होता. थोड्या वेळात त्याचा आवाज आला, ठक ठक ठक, न थांबता. बायका पोरांना काखेत मारून चढाकडे धावू लागल्या. वेनिंग कठड्याला धरून ऐकत राहिली. खालच्या गावातून दुसऱ्या ठोकळ्याने उत्तर दिलं.

त्याच्या पलीकडच्या गावाचं उत्तर अजून यायचं होतं.